वर्गाकडून गाऊन घेताना

संगीत विशारद झालेल्या माणसाला राग ओळखता येतात, आलाप-ताना घेता येतात, तालाची दुगुण-चौगुण हातावर दाखवता येते. साठ मुलांच्या वर्गासमोर उभं राहिलं की यातलं फारसं काही कामाला येत नाही. कोल्हापुरात शाळेवर संगीतशिक्षिका म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला हे कळून चुकलं. मी शिकले होते जयपूर-अत्रौली घराण्याच्या तालमीत, गुरूसमोर एकटीने बसून. गुरू म्हणतील ते उचलायचं, लागेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायचं. शाळेतला तास पस्तीस मिनिटांचा. त्यातली पाच मिनिटं मुलं रांगेने येण्यात जाणार आणि शेवटी शेजारच्या वर्गावरच्या बाई दारात येऊन ‘जरा हळू घ्या’ म्हणणार. मधल्या वेळात साठ गळे एका सुरावर आणायचे. हे कसं करायचं, हे मला कुठल्याच परीक्षेत कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या गावाला गुरूंची वाण कधीच नव्हती. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी आश्रय दिला आणि त्यांचं घराणं इथे रुजलं. त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँसाहेब इथेच राहिले; मल्लिकार्जुन मन्सूर आणि कोल्हापुरात जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी यांना त्यांची तालीम मिळाली. गायन समाज देवल क्लब 1883 पासूनचा. एवढं सगळं असूनही ही विद्या एका गळ्यातून एका गळ्यात जाणारी. याच घराण्यातल्या केसरबाईंसारख्या थोर गायिकेने मनापासून शिकवलं असं म्हणावं अशा शिष्या एकट्या धोंडूताईच. घराण्याची विद्या जपायची तर तसंच असावं लागत असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या वाटेने आलेल्या माणसाला शाळेच्या वर्गात उभं केलं, तर त्याला सगळं नव्याने शिकावं लागतं.

दुसरी वाटही याच जिल्ह्यातून निघाली होती. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर 1872 साली कुरुंदवाडला जन्मले, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि 1901 साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्गात अनेकांना एकत्र शिकवायचं, त्यासाठी स्वरलिपी आणि क्रमिक पुस्तकं तयार करायची, हा त्यांचा धडाका सगळ्यांना माहीत असतो. संगीतशिक्षक घडवण्यासाठी त्यांनी उपदेशक वर्ग वेगळा चालवला होता, याची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही. कोल्हापूरचे शंकरराव आणि नारायणराव व्यास हे बंधू त्यांचेच शिष्य. त्यांनी पुढे दादरला व्यास संगीत विद्यालय काढलं. गाणारा घडवणं आणि गाणं शिकवणारा घडवणं ही दोन कामं आहेत, हे शंभर वर्षांपूर्वी या माणसांना नीट कळलेलं होतं. आमच्या पिढीच्या वाट्याला त्यांच्या परीक्षा आल्या, तो उपदेशक वर्ग आला नाही.

माझा उपदेशक वर्ग म्हणजे दुसऱ्या शाळेतल्या एक ज्येष्ठ बाई. आमची शाळा दुपारची, त्यांची सकाळची. एका स्पर्धेत त्यांच्या मुलांचं समूहगीत ऐकलं आणि धीर करून विचारलं, “बाई, तुमच्या वर्गात येऊन बसले तर चालेल का?” त्या म्हणाल्या, “ये की. मागच्या बाकावर बस. मध्ये बोलायचं नाही.” दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेले. तास संपल्यावर त्यांनी वही मागितली, चाळली आणि परत दिली. “मी काय करते ते कशाला लिहितेस? मुलं काय करतात ते लिही.”

मुलं काय करतात ते बघायला लागल्यावर पहिल्यांदा दिसला तो सहावीतला एक मुलगा. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभा असायचा. सगळा वर्ग षड्जावर आणि हा खाली कुठेतरी एकाच सुरावर घोगरं गुणगुणत. शेजारची पोरं कोपरखळ्या मारत होती. “मला नाय येत ओ बाई,” असं त्यानेच सांगून टाकलं. बाईंनी वर्ग थांबवला नाही. चालत त्याच्यापाशी गेल्या, वाकून त्याच्या तोंडाजवळ कान नेला, त्याचा तो खालचा सूर पकडला आणि त्याच सुरात ‘आ’ लावला. मग हाताने खूण करून सगळ्या वर्गाला त्या सुरावर उतरवलं. साठ मुलं त्याच्या सुरात गायला लागली तसं त्याने भिंतीची पाठ सोडली आणि मान वर केली. बाई अर्धा सूर वर चढल्या, वर्ग चढला, तोही चढला. आणखी अर्धा. तीन पायऱ्या तो बरोबर आला, चौथीला निसटला. बाई पुन्हा खाली आल्या, त्याला घेतलं आणि तिथेच थांबल्या. “आज इथवर. पुढचं सोमवारी.”

नंतर स्टाफरूममध्ये चहा घेताना म्हणाल्या, “त्याचा कान चांगला आहे गं. आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजात मिसळला की कसं वाटतं, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.” दिवाळीपर्यंत तो मुलगा वर्गाच्या षड्जावर आला. बाईंच्या वर्गात ‘बेसूर’ हा शब्द उच्चारायची बंदी होती. मी ती माझ्या वर्गात लागू केली आणि आजतागायत पाळते. लहानपणी ‘तू नुसतं तोंड हलव’ असं ऐकलेली किती मोठी माणसं भेटतात! पुढे जन्मभर ती गात नाहीत, घरच्या आरतीलासुद्धा नाही. एका बाईंच्या एका वाक्याने झालेलं हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

पुढे एकदा बाई माझ्या वर्गात येऊन बसल्या. तास झाल्यावर एवढंच विचारलं, “पेटी बंद केलीस तर काय होईल?” दुसऱ्या दिवशी बंद करून बघितली. ध्रुवपद संपेस्तोवर वर्ग अर्ध्या सुराने उतरला होता. उतरत तो रोजच होता, पेटीने झाकून ठेवलं होतं. पेटी वाजवताना दोन्ही हात अडकतात, नजर खाली जाते आणि कानात पेटीचाच आवाज भरून राहतो. समोरची मुलं काय गातात हे ऐकायला आपल्यापाशी कान उरत नाही. कुस्तीच्या तालमीतला वस्ताद जोड लावून दिली की हौदाच्या काठावर येतो, कारण कुणाचा पाय कुठे चुकतोय ते काठावरूनच दिसतं. शिक्षकानेही पेटीवरून उठायला हवं. सुरुवातीचा सूर द्यायचा, मोबाइलवरचा तानपुरा बारीक लावून ठेवायचा आणि रांगांमधून फिरायचं. नव्या शिक्षकांना मी सांगते त्यातली सगळ्यात जड जाणारी गोष्ट हीच. पेटी सोडली की त्यांना उघड्यावर आल्यासारखं होतं.

सोपी असूनही हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे पट्टी. पुरुष शिक्षक स्वतःच्या सोयीच्या काळी एकमध्ये गाणं सांगतात, मुलं सप्तक सोडून वरच्या काळी एकमध्ये उचलतात. अंतरा तार गंधारापर्यंत गेला की मुलांच्या मानेच्या शिरा दिसायला लागतात आणि गाण्याची आरोळी होते. षड्ज काळी पाचवर घेतला, तर तोच गंधार तीन पट्ट्या खाली येतो आणि बहुतेक गळ्यांना पेलतो. गाणं मंद्र पंचमात उतरत असेल, तर मात्र काळी पाचमध्ये खालचे सूर विरून जातात. म्हणून आधी गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर शोधायचा, पट्टी त्यानंतर ठरवायची. 19 फेब्रुवारी 2023 पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झालं आणि शाळाशाळांतून रोज म्हटलं जाऊ लागलं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळ्यांचा तो खडा आवाज. बऱ्याच ठिकाणी ध्वनिमुद्रण लावून मुलांना त्याबरोबर म्हणायला लावतात. शाहिरांच्या गळ्याशी चौथीतल्या मुलीने रोज सकाळी झुंजायचं, हे बरोबर नाही. पट्टी उतरवून, ध्वनिमुद्रण बंद करून म्हणून बघा. शब्द आपोआप स्पष्ट होतात.

आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो. या वयात मुलगे समूहातून गळतात आणि पुष्कळदा परत येतच नाहीत. मी त्यांना अल्लादियाखाँसाहेबांची गोष्ट सांगते. कोल्हापूरला येण्याआधी एका संस्थानच्या नोकरीत गाण्याचा अतोनात ताण पडून खाँसाहेबांचा आवाज बसला, तो दीर्घकाळ आलाच नाही. परत आला तेव्हा पूर्वीचा राहिला नव्हता, जड झाला होता. त्या नव्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी बांधली आणि तीच पुढे घराण्याची गायकी झाली. ज्या गावात त्यांनी इतकी वर्षं काढली, त्या गावातल्या चौदा वर्षांच्या मुलाला हे माहीत असलंच पाहिजे. गोष्ट सांगून भागत नाही, त्यांना काम द्यावं लागतं. बाकीचा वर्ग गाणं म्हणत असताना खालचे सा आणि प धरून ठेवायचं काम मी त्यांना देते. दोनच सूर, पण ते डळमळले की सगळं गाणं डळमळतं. कालपर्यंत लाजणारी मुलं ही जबाबदारी ताठ मानेने घेतात.

जोडसुरांची ही कल्पना मला आमच्या गुरुपरंपरेतून मिळाली नाही. कोल्हापुरात अमेरिकन मिशन 1852 साली आलं; इथल्या चर्चमधून मराठी भक्तिगीतं चार आवाजांत गायली जातात. नाताळच्या आधीच्या तालमी ऐकायची संधी मला एका ख्रिस्ती सहकाऱ्यामुळे मिळाली. गायनप्रमुख समोर उभे, हातात काही नाही. एक बोट वर गेलं की पंचवीस माणसं एकदम श्वास घेतात, मूठ मिटली की शेवटचं व्यंजन एकाच क्षणी पडतं. लांब ओळ तुटू नये म्हणून शेजारी-शेजारी बसलेली दोघं कधीच एका जागी श्वास घेत नव्हती. आपल्या समूहगीतात सगळे मिळून ओळीच्या मधोमध श्वास घेतात आणि शब्दाचे दोन तुकडे होतात. त्या तालमींवरून आल्यावर मी वर्गात मुलांचे एक-दोन असे नंबर पाडले. एक नंबरवाल्यांनी श्वास एका शब्दावर घ्यायचा, दोन नंबरवाल्यांनी दुसऱ्या. मुलांना तो खेळच वाटतो. मग भूपातली सरगम दोन गटांना एकामागून एक म्हणायला लावली. भूपात मध्यम-निषाद नसल्याने दोन ओळी एकमेकींवर पडल्या तरी टोचत नाहीत. राग मोडला म्हणून एका जाणत्या गायकांनी मला सुनावलं होतं. त्यांच्या मताचा आदर ठेवूनही मी ते करतेच, कारण दुसऱ्याचं ऐकत आपलं गायला मुलांना याहून लवकर शिकवणारा उपाय मला सापडलेला नाही.

मैदानावरचं गाणं हा तर वेगळाच विषय. एका कार्यक्रमाला अनेक शाळांची मुलं एकत्र गाणार होती. समोर ध्वनिक्षेपक, मागे रांगाच रांगा. पुढची मुलं दुसऱ्या ओळीवर आणि मागची अजून पहिलीचं शेपूट ओढतायत. सगळे शिक्षक मागच्या मुलांवर ओरडत होते. मुलांची काही चूक नव्हती. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. शंभर मीटर मागे उभ्या असलेल्या मुलाला तो पाव सेकंदाहून उशिरा पोचतो आणि त्याने कानावर विसंबून गायलं की तो मागे पडणारच. हात मात्र त्याच क्षणी दिसतो. मग एका शिक्षकाला उंच टेबलावर उभं केलं, मुलांना सांगितलं, कान सोडा आणि हात बघा. राष्ट्रगीत 52 सेकंदांत बसवायचं असेल तरी उपाय हाच. भरभर म्हणण्याच्या भरात मुलं ते लवकर संपवतात.

आता माझ्याकडे तरुण शिक्षक येतात. राधानगरी, आजरा, शिरोळ, कागल. शनिवारी दुपारी एका शाळेचा वर्ग आम्हाला मिळतो. येताना प्रत्येकाने मोबाइलवर आपल्या वर्गाचं रेकॉर्डिंग आणायचं, स्पर्धेतलं नाही, साध्या मंगळवारचं. एकाने ऐकवायचं, बाकीच्यांनी मुलं काय करतायत तेवढंच सांगायचं. एकदा तासभर आम्ही ‘देश’ या एका शब्दावर अडलो. अर्धी मुलं ‘देश्’ म्हणून थांबत होती, अर्धी ‘देशऽ’ असा अकार ओढत होती आणि दोन्ही मिळून ओळीच्या शेवटी नुसता फुसकारा ऐकू येत होता. एकट्या गायकाला हा प्रश्न पडत नाही, तो क्षणात ठरवून मोकळा होतो. साठ जणांचं आधी ठरवावं लागतं, तालमीत घटवावं लागतं.

पण शनिवारचे निम्मे प्रश्न सुरांचे नसतातच. परीक्षा जवळ आली की संगीताचा तास गणिताला जातो, तेव्हा काय बोलायचं? तबला फुटलाय, निधी नाही. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल, तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. म्हणजे कलेच्या त्या एका जागेत चित्र आणि संगीत दोन्ही आली. त्यातून कुणी संगीताचा लागलाच तर तासिकेवर आणि पुढच्या जूनमध्ये बोलावणं येईल की नाही याची खात्री नाही. फार गुणी अशी एक मुलगी आमच्याकडे यायची, वर्ग तिच्याकडे बघत राहायचा. घर चालेना म्हणून तिने बँकेतली नोकरी धरली. तिला थांब म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. अशा वेळी मार्गदर्शन वगैरे शब्द तोंडातून निघत नाहीत.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान 50 तासांचं प्रशिक्षण मिळावं असं म्हटलंय. संगीताच्या शिक्षकाने ते 50 तास कुठे घ्यायचे? मी बऱ्याच कार्यशाळांना गेले आहे. बहुतेक ठिकाणी मोठे कलाकार येतात, सुंदर गातात, आपण भारावतो, प्रमाणपत्र घेऊन येतो. ते गाणं ऐकायलाच हवं, त्याने कान घडतो. पण सोमवारी सातवी ‘ब’ समोर उभं राहायचं असतं, तिथे उपयोगी पडेल असं काही कुणी दाखवलेलं नसतं. कलाकाराला ते माहीत असायचं कारणही नाही. ते माहीत असतं गारगोटीच्या किंवा गडहिंग्लजच्या एखाद्या शाळेत वीस वर्षं रोज चार तास घेणाऱ्या शिक्षकाला आणि त्याला व्यासपीठावर कुणी बोलवत नाही.

स्पर्धांबद्दल आमच्यात मतभेद आहेत. युवा महोत्सवात समूहगीताला सहा गायक असतात; शालेय स्पर्धांतही बहुतेक ठिकाणी मोजकीच मुलं उभी राहतात. त्या मुलांसाठी दोन महिने वर्ग बंद पडतो आणि बाकीची पन्नास मुलं वह्या पुऱ्या करत बसतात. माझा कल स्पर्धा कमी करण्याकडे आहे. आजऱ्याचे एक सर म्हणतात, ढाल आली तरच मुख्याध्यापक पेटी दुरुस्त करून देतात. त्यांचंही खरं आहे. शिवाय मंचावर उभं राहण्याचा अनुभव मुलांना हवाच. शाहू महाराजांनी बांधलेल्या, पुढे केशवराव भोसल्यांचं नाव मिळालेल्या नाट्यगृहात आमच्या कितीतरी मुलांनी पहिल्यांदा मोठ्या प्रेक्षागृहासाठी आवाज लावला. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळलं. दुसऱ्या दिवशी तिथे जमलेल्या गर्दीत माझे जुने विद्यार्थी रडताना मी बघितले. त्यातला एकही पुढे गायक झालेला नाही.

सध्या आम्ही एकच मागणी लावून धरली आहे. प्रत्येक संगीतशिक्षकाला महिन्यातून अर्धा दिवस दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसायला मिळावं, रजा न टाकता, ‘ऑन ड्युटी’ म्हणून. याला पैसा लागत नाही, एक पत्र लागतं. काही मुख्याध्यापकांनी ते आपणहून दिलं, काही म्हणतात वरून आदेश आणा. जिल्ह्यात बारा तालुके आहेत. तालुक्याला एक तरी वर्ग असा हवा, ज्याचं दार इतर शिक्षकांना उघडं असेल. शिरोळ, कागल, राधानगरी, आजरा, गडहिंग्लज इथले शिक्षक तयार झाले आहेत. चंदगडहून अजून कुणाचा होकार आलेला नाही. तिथून कोल्हापूरला शनिवारी येऊन परतायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, त्यामुळे तिथल्या माणसालाच याची सगळ्यात जास्त गरज आहे. पावसाळा संपला की आम्हीच तिकडे जाणार आहोत.